रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता, तरी किडनी बिघडत होती

“डॉक्टर, आईचे रिपोर्ट तर नॉर्मल येत होते ना? मग एकदम डायलिसिस कसं काय?”

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षं झाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. राग असता तर उत्तर देणं मला सोपं गेलं असतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. रिपोर्ट नॉर्मलच होते, निदान कागदावर तरी. आणि तो कागद मीच पाहत होतो.

आज लिहिणार आहे ते अत्यवस्थ पेशंटच्या किडनीला औषधांमुळे होणाऱ्या इजेबद्दल, आणि ती वेळेत कशी ओळखायची याबद्दल. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे ही इजा उशिरा कळते ती नवीन यंत्र किंवा महागडी तपासणी नसल्यामुळे नव्हे. रोज करायच्या चार साध्या गोष्टी रोज होत नाहीत, म्हणून ती उशिरा कळते. त्यातल्या एक-दोन गोष्टी तर डॉक्टरांपेक्षा नातेवाइकांच्या हातात जास्त असतात.

मावशींची गोष्ट

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पेशंट ६४ वर्षांच्या, वजन जेमतेम ४८ किलो. मी त्यांना मावशी म्हणायचो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू, गुडघे दुखायचे म्हणून अधूनमधून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी. थंडी वाजून ताप आला, तेव्हा तीन दिवस त्यांनी अंगावर काढला. त्या तीन दिवसांत गावातच डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शनं झाली होती. जेवण-पाणी जवळजवळ बंद होतं, पण रक्तदाबाची गोळी मात्र न चुकता घेतली. माझ्याकडे आणलं तेव्हा रक्तदाब ८० वर आलेला, लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला.

आयसीयूत घेतलं. सलाईन, रक्तदाब टिकवायचं औषध, आणि संसर्ग आवरण्यासाठी दोन अँटिबायोटिक्स, त्यातलं एक अमिकासिन. किडनीत पू साठलाय का हे पाहायला सीटी स्कॅन केला, त्यासाठी शिरेतून डाय दिला. दुसऱ्या दिवशी पायांवर सूज दिसली म्हणून लघवी होण्याचं इंजेक्शन सुरू झालं. यातली प्रत्येक गोष्ट त्या क्षणी योग्य वाटत होती, आणि बऱ्याचशा खरोखर योग्य होत्याही. अमिकासिन दिलं नसतं तर कदाचित त्या वाचल्याही नसत्या.

दाखल झाल्या त्या दिवशी क्रिएटिनिन ०.९. तिसऱ्या दिवशी १.१. लॅबच्या कागदावर नॉर्मलची मर्यादा छापलेली होती १.२ पर्यंत. म्हणजे ना तारा, ना ठळक अक्षर. दिवसाला १२०० मिलिलिटर लघवी होत होती. ताप उतरत होता. मी खूश होतो. चौथ्या दिवशी मी स्वतः सिस्टरना म्हणालो, “आज क्रिएटिनिन नको पाठवायला, नॉर्मल आहे, उगाच खर्च कशाला?” त्याच दिवशी पोटॅशियम कमी आलं, ३.१. मी पोटॅशियम लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेलो.

पाचव्या दिवशी क्रिएटिनिन २.४. सातव्या दिवशी ३.८, फुप्फुसांत पाणी, रक्तात आम्ल वाढलेलं. तीन वेळा डायलिसिस करावं लागलं.

नंतर मुलगा घरून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आधीच्या वर्षी गावातल्या शिबिरात केलेल्या तपासण्या होत्या त्यात. क्रिएटिनिन ०.६. तो आकडा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की मावशी माझ्या दारात आल्या त्या दिवशीच त्यांचं क्रिएटिनिन त्यांच्या स्वतःच्या पातळीच्या दीडपट झालेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते जवळजवळ दुप्पट होतं. आणि मी त्याला नॉर्मल म्हणत होतो.

क्रिएटिनिन उशिरा का बोलतं

क्रिएटिनिन हा आपल्या स्नायूंमधून रोज बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. गाळणं मंदावलं की तो रक्तात साठतो. अगदी मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी तुंबतं तसं. पण जाळी अडकल्या क्षणी मोरी भरून वाहत नाही. वेळ लागतो. क्रिएटिनिनचंही तसंच आहे. इजा आज झाली तर आकडा नीट दिसेल इतका वाढायला एक ते दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात.

शिवाय प्रत्येकाच्या मोरीत पडणारं पाणी सारखं नसतं. तालमीत जाणाऱ्या तरुणाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याच्या किडन्या ठणठणीत असू शकतात. मावशींसारख्या सडपातळ, वयस्कर बाईचं १.१ असेल तर तिच्या किडन्यांची गाळण्याची क्षमता पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आलेली असू शकते. तेही आकडा स्थिर असेल तर. तो चढत असताना खरी क्षमता त्याहूनही कमी असते, कारण रक्तातला आकडा अजून मागून धावत असतो. त्यात अत्यवस्थ पेशंटचे स्नायू झिजतात, क्रिएटिनिन कमी तयार होतं. वरून लिटर-लिटर सलाईन गेलेलं असतं, त्यात ते पातळ होतं. म्हणजे ज्या पेशंटमध्ये इजा लवकर कळायची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच रक्तात हा आकडा सगळ्यात जास्त फसवा.

उलटही होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही औषधं, उदाहरणार्थ ट्रायमेथोप्रिम, किडनीला इजा न करताही क्रिएटिनिन थोडं वाढवतात, कारण ती त्याचा बाहेर जाण्याचा एक मार्ग अडवतात. म्हणून आकडा चढला की लगेच औषधावर खापर फोडू नये. विचार मात्र करावा.

केडिगो नावाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१२ साली किडनीच्या तीव्र इजेची जी व्याख्या केली, ती याच कारणासाठी मला आवडते. ती लॅबच्या छापील मर्यादेकडे बघतच नाही. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत स्वतःच्या मूळ पातळीच्या दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे दर तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, यापैकी काहीही झालं तर इजा झाली असं धरायचं. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच. ०.६ वरून १.१ ही वाढ या व्याख्येत बसते. आमच्या लॅबच्या कागदावर तिला साधी खूणही नव्हती.

पाच हातांनी लिहिलेली पाच औषधं

दिवसाला साधारण १८० लिटर द्रव किडन्या गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत घेऊन फक्त दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रक्तातून जे औषध जाईल ते त्यांच्यापुढे येणारच, आणि पाणी परत घेताना नलिकांमध्ये ते अधिक दाट होणार. म्हणून औषधांचा मार किडनीला जास्त बसतो.

हा मार वेगवेगळ्या प्रकारे बसतो. गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत पाणी येण्याचा एक नळ, जाण्याचा एक नळ. दोन्हींचा मेळ बसला की आत दाब राहतो आणि त्या दाबावर गाळणं चालतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी दुखण्याची औषधं येणारा नळ आवळतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधं जाणारा नळ सैल करतात. लघवी होण्याचं औषध मुळात टाकीला येणारं पाणीच कमी करतं. एरवी धडधाकट माणसाला यातलं एखादं औषध सहज झेपतं. पण ताप, जुलाब, उलट्या, रक्तदाब खाली, आणि त्यावर ही तिन्ही एकत्र, म्हणजे गाळणी कोरडी पडायची वेळ. मावशींचं अर्धं नुकसान आयसीयूच्या दारात येण्यापूर्वीच झालेलं होतं.

दुसरा प्रकार म्हणजे नलिकांच्या पेशींना थेट विषबाधा. अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधं नलिकांच्या पेशींमध्ये शिरून साठत जातात. म्हणून त्यांचा त्रास पहिल्या डोसला नाही, तर साधारण पाच-सात दिवसांनी दिसतो. दिवसातून दोन-तीनदा देण्यापेक्षा तेवढाच डोस एकदम दिला तर पेशींमध्ये कमी साठतो, म्हणून आता बहुतेक ठिकाणी एकदाच देतात. व्हँकोमायसिन, बुरशीवरचं अ‍ॅम्फोटेरिसिन आणि कोलिस्टिन हीदेखील याच पंगतीतली. कोलिस्टिनची कथा तर मोठी विचित्र आहे. १९५० च्या दशकात वापरात आलेलं हे औषध किडनीला त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलं. आता बाकीच्या अँटिबायोटिक्सना जंतू दाद देईनासे झाले म्हणून आयसीयूत ते पुन्हा येऊन बसलंय. आपण सर्दी-पडशाला बेधडक अँटिबायोटिक्स खातो, त्याची ही एक किंमत. पण तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

तिसरा प्रकार अ‍ॅलर्जीसारखा. पेनिसिलिनच्या कुळातली अँटिबायोटिक्स, दुखण्याच्या गोळ्या, अगदी ‘पित्ताची गोळी’ म्हणून आपण रोज रिकाम्या पोटी घेतो ती ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसुद्धा क्वचित यास कारण ठरते. डोस जास्त झाला म्हणून हे होत नाही, म्हणून ओळखायलाही अवघड. कधी अंगावर पुरळ, कधी ताप, बरेचदा काहीच नाही.

मावशींच्या बाबतीत मला आजही बोचतं ते हे: डायक्लोफेनॅक एकाने दिलं, टेल्मिसार्टन दुसऱ्याने, डाय स्कॅनच्या विभागाने, अमिकासिन मी, लघवीचं इंजेक्शन रात्रीच्या डॉक्टरांनी. प्रत्येकाने आपापली ओळ लिहिली. बेरीज कुणीच केली नाही. आणि ती करणं हे माझं काम होतं.

अशा पेशंटमध्ये दोष एकट्या औषधाचा फार क्वचित असतो, हेही लक्षात घ्या. २०१५ साली ३३ देशांतल्या आयसीयूंची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे ५७ टक्के पेशंटना पहिल्या आठवड्यात किडनीची कमीअधिक इजा झालेली आढळली. त्याआधीच्या, २००५ सालच्या अशाच एका पाहणीत, गंभीर इजा झालेल्या दर पाच पेशंटपैकी साधारण एकामध्ये औषधांचा वाटा होता. जंतुसंसर्ग आणि घसरलेला रक्तदाब ही कारणं त्याहून मोठी. पण जंतुसंसर्ग आपण ठरवून आणलेला नसतो. औषध आपण लिहिलेलं असतं, आणि आपणच बदलू किंवा थांबवू शकतो. म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची.

पिशवी भरतेय ना, मग झालं?

आयसीयूत भेटायला गेलेले नातेवाईक पलंगाखालची लघवीची पिशवी बघतात. ती भरलेली दिसली की त्यांना बरं वाटतं. मलाही वाटायचं. १२०० मिलिलिटर लघवी पाहूनच मी निर्धास्त झालो होतो.

पण अमिकासिनसारख्या औषधांनी होणाऱ्या इजेत लघवी बरेचदा व्यवस्थित होत राहते. गाळणं कमी झालेलं असतं, आणि नलिकांची पाणी परत घेण्याची ताकदही गेलेली असते. त्यामुळे बाहेर पडतं ते बरंचसं नुसतं पाणीच. त्यात लघवीचं इंजेक्शन चालू असेल तर पिशवी आणखी फसवते. त्या इंजेक्शनाने लघवी वाढते, किडनी बरी होत नाही. नळ सोडला म्हणून टाकी दुरुस्त झाली असं होत नाही ना, तसंच.

पोटॅशियम कमी आलं तेव्हा मी थांबायला हवं होतं. अमिकासिन आणि अ‍ॅम्फोटेरिसिन यांनी नलिका दुखावल्या की पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं, कधी कधी क्रिएटिनिन वाढण्याच्याही आधी. लघवीच्या इंजेक्शनानेही हेच होतं, त्यामुळे मी तेच कारण धरून चाललो. मॅग्नेशियम तपासलंच नाही.

याचा अर्थ लघवी मोजू नये असा अजिबात नाही. उलट, नीट मोजावी. ४८ किलोच्या माणसाला तासाला २४ मिलिलिटर ही खालची रेघ. ती सलग सहा तास खाली राहिली तर क्रिएटिनिनची वाट न बघता जागं व्हायला हवं. पण त्यासाठी तासागणिक मोजणं हवं. त्याकरता पिशवीला जोडलेली खुणांची छोटी डबी मिळते, तिला युरोमीटर म्हणतात. साध्या पिशवीपेक्षा ती थोडी महाग, म्हणून बरेचदा लावलीच जात नाही. मग आठ तासांची ड्यूटी संपताना सिस्टर पिशवीकडे बघून अंदाजे आकडा टाकतात. चार्टवर सकाळी ४००, दुपारी ४००, रात्री ४०० असे गोल आकडे दिसले की मी आता हसत नाही, काळजीत पडतो. यात सिस्टरांचा दोष नाही. एकीकडे सहा-सहा पेशंट दिले तर दर तासाला प्रत्येकाची डबी वाकून बघणार कोण? आणि हेही सांगतो, की माझ्या आयसीयूत किडनीची इजा सगळ्यात लवकर पकडलेली जी दोन-तीन उदाहरणं मला आठवतात, त्यातली एक अशीच होती. पहाटे चारला सिस्टरचा फोन: “सर, रात्री बारापासून वीस-वीसच येतेय.” बस. त्या एका वाक्याने पुढचा डोस थांबला.

नव्या तपासण्या आणि जुनी वही

क्रिएटिनिनच्या आधी बोलणाऱ्या तपासण्या आता आहेत. एनगॅल नावाचं प्रथिन नलिका दुखावल्यावर काही तासांतच लघवीत आणि रक्तात वाढतं. लघवीतली दोन प्रथिनं एकत्र मोजून पुढच्या बारा तासांतला धोका सांगणाऱ्या एका तपासणीला अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली मंजुरी दिली. सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, त्यामुळे मावशींसारख्या सडपातळ पेशंटमध्ये उपयोगी पडते. मी यांच्या विरोधात नाही. पण एनगॅल नुसत्या जंतुसंसर्गानेही वाढतं. औषधामुळे की आजारामुळे, हे तो आकडा सांगत नाही. ते पेशंटच्या उशाशी बसून, औषधांचा तक्ता पुढ्यात घेऊनच ठरवावं लागतं. आणि ज्या आयसीयूत क्रिएटिनिनचाच कल कुणी बघत नाही, तिथे महागडा रिपोर्ट आला तरी तो फायलीत लागेल, एवढंच.

स्वस्तातली एक जुनी तपासणी मात्र आपण विसरत चाललोय, याचं वाईट वाटतं. ताजी लघवी फिरवून तिचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघणं. नलिकांच्या पेशी मरून पडल्या असतील तर मातकट तपकिरी रंगाचे साचे दिसतात. आम्ही शिकत असताना सर आम्हाला स्वतः स्लाइड करायला लावायचे. हल्ली यंत्रातून छापील कागद येतो आणि ते साचे त्यात बरेचदा सुटतात.

माझ्या मताला आधार देणारं एक उदाहरण अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलचं. तिथे त्यांनी कुठलंही नवं यंत्र आणलं नाही. एक नियम केला: एकाच दिवशी किडनीला जड अशी तीन किंवा अधिक औषधं चालू असलेलं, किंवा तीन दिवस अमिकासिनच्या जातीचं इंजेक्शन चालू असलेलं मूल रोज फार्मासिस्टच्या यादीत येणार, आणि यादीत आलेल्या मुलाचं क्रिएटिनिन रोज होणार. त्यांनी २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. अशा औषधांचा वापर ३८ टक्क्यांनी आणि किडनीची इजा ६४ टक्क्यांनी कमी झाली. ही मुलं आयसीयूबाहेरची होती, त्यामुळे तोच आकडा अत्यवस्थ मोठ्या माणसांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण यादी करणं आणि रोज बघणं याला जागेचं बंधन नाही.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर काळ्या बुरशीची लाट आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी वॉर्डांत अ‍ॅम्फोटेरिसिन चाललं होतं. किडनीला कमी त्रास देणारा त्याचा लायपोसोमल प्रकार मिळेना, म्हणून बरेचदा जुनं, जास्त त्रास देणारं औषध वापरावं लागलं. तेव्हा आम्ही सगळे घाबरलेलो होतो. त्या भीतीपोटी औषधाआधी सलाईन, रोज किंवा एक दिवसाआड क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, आणि भिंतीवर चिकटवलेला तक्ता, हे सगळं बिनबोभाट झालं. आकडा थोडा हलला की डोस एक दिवस थांबवून पुन्हा सुरू करायचो. लाट ओसरली, आणि तक्तेही उतरले.

मावशींनंतर मी राउंडला एक साधी वही ठेवतो. प्रत्येक पेशंटसमोर तीन गोष्टी: त्याचं जुनं क्रिएटिनिन, आजचं क्रिएटिनिन, आणि किडनीला जड औषधाचा आज कितवा दिवस. कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो. तो आला की अमिकासिन अजून हवंच आहे का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. बरेचदा उत्तर ‘नको’ असतं. पूर्वी ते केवळ कुणी खोडलं नाही म्हणून सात दिवस चालायचं.

तुम्ही काय करू शकता

पेशंटला घेऊन निघालात की जुने रिपोर्ट बरोबर घ्या. आधार कार्ड आणि विम्याचे कागद कुणी विसरत नाही, ही पिशवी मात्र कपाटावर राहते. घाईत नसेलच सापडत तर घरी असलेल्या माणसाला कागदाचा फोटो पाठवायला सांगा. वर्षापूर्वीचं एक क्रिएटिनिन आमच्यासाठी फार मोलाचं असतं.

घेतलेली सगळी औषधं सांगा, लपवू नका. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, काढे, भस्मं, वजन कमी करायची पावडर, शेजारच्यांनी दिलेलं चूर्ण, सगळं. आम्ही रागावू या भीतीने लोक सांगत नाहीत. कधी कधी आम्ही रागावतोही, तो आमचा दोष. तरीही सांगा. दोनच किडन्यांपैकी एक काढलेली असेल, मुतखडा होऊन गेला असेल, पूर्वी कधी डायलिसिस झालं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

आयसीयूच्या डॉक्टरांशी रोज पाच मिनिटं बोलायला मिळतात, त्यात “रिपोर्ट नॉर्मल आहेत ना?” असं विचारू नका. “क्रिएटिनिन काल किती होतं, आज किती आहे, आणि आमच्या जुन्या रिपोर्टच्या मानाने कसं आहे?” असं विचारा. “किडनीला जड असं कुठलं औषध चालू आहे का, आणि ते किती दिवस लागेल?” हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आलाच, तर तो थकलेला असेल. संध्याकाळी पुन्हा विचारा.

पण हे वाचून कुणी उद्या जाऊन “आमच्या पेशंटला अमिकासिन द्यायचं नाही” असा हट्ट धरला तर माझं लिहिणं फुकट गेलं असं समजेन. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग तासातासाला जीव घेत असतो, आणि तो स्वतःच किडनी बिघडवतो. वेळेवर मिळालेलं अँटिबायोटिक हा किडनीचाही बचाव आहे. औषध द्यायचं की नाही यापेक्षा किती दिवस, किती डोस आणि कुणाची नजर, हे प्रश्न जास्त कामाचे. तसंच “किडनी धुऊन निघेल, अजून सलाईन लावा” असाही आग्रह धरू नका. पाणी कमी पडलेल्याला सलाईन हवंच, पण त्यापुढचं पाणी फुप्फुसात साठतं.

घरच्यासाठी एक सूचना. जुलाब, उलट्या, तापाने माणूस कोरडा पडला असेल, खाणं-पिणं बंद असेल, तर दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन टाळा. तापाला बहुतेक वेळा पॅरासिटामॉल पुरतं. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी अशा दिवसांत घ्यायची की एक-दोन दिवस थांबवायची, हे आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. मनाने बंद करू नका, आणि मनाने चालूही ठेवू नका.

आयसीयूतून घरी आल्यावर लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि फाईल माळ्यावर जाते. किडनीची इजा झालेल्या माणसाने साधारण तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन पुन्हा तपासायला हवं. काहींची किडनी पूर्ववत होते, काहींची थोडी अधू राहते. डिस्चार्ज कार्डावर आम्ही न्यूमोनिया, सेप्सिस वगैरे मोठ्या अक्षरांत लिहितो आणि किडनीची ही नोंद बरेचदा राहून जाते. राहिली असेल तर मागून लिहून घ्या.

मावशींच्या मुलाला त्या दिवशी मी खरं ते सांगितलं. कागदावर नॉर्मल होतं, त्यांच्यासाठी नव्हतं, आणि ते मला तिसऱ्या दिवशी दिसायला हवं होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ती पिशवी मी पहिल्याच दिवशी आणायला पाहिजे होती.” मी म्हटलं, “मी मागायला पाहिजे होती.”

मावशींचं क्रिएटिनिन पुढे १.४ वर स्थिरावलं. ०.६ वर ते परत गेलं नाही. दर तीन महिन्यांनी त्या येतात, गुडघ्यांची तक्रार करतात, गोळी दे म्हणतात, आणि मी नाही म्हणतो. फायलीच्या पुठ्ठ्यावर मुलाने निळ्या बॉलपेनने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘आधी ०.६, आता १.४, दुखण्याचं इंजेक्शन देऊ नये.’ मागच्या खेपेला पाऊस लागून अक्षरं फिकट झाली होती. माझ्या टेबलावरचं पेन घेऊन त्याने ती पुन्हा गिरवली.